विठाच्या होडीचा मागचा गिअर

माझी धाकटी जाऊ विठा रागावली की बोलत नाही, काम काढते. राग जेवढा मोठा, तेवढं काम मोठं. आमच्या घरातला तांब्याचा हंडा एका बाजूने पातळ झालाय तो पाण्याने नाही, तिच्या हाताने. तो हातात घेऊन बघितला तर आमच्या घराची सगळी भांडणं बोटाला लागतात.

पण यंदाचा तिचा राग हंड्यात मावणारा नव्हता. पावसाळ्यात चढला आणि पौषापर्यंत उतरला नाही. माझाही नाही. तिचा राग गावावर होता, माझा माझ्या नातवावर, प्रज्वलवर. म्हणजे दोघींचा एकाच माणसावर म्हटलं तरी चालेल, कारण आमच्या मांजर्ली गावच्या पोरांनी पुरासाठी जे बचाव पथक काढलंय त्याचा म्होरक्या तोच.

होडी विठाची. तिचा नवरा शंकर, म्हणजे माझा दीर, याची. नदीपलीकडे आमचं वालाचं आणि काकडीचं शेत. पुलावरून जायचं तर लांबचा वळसा, म्हणून शंकरने होडी केली आणि उल्हासनगरच्या बाजारातून तिला मागे लावायचं एक जुनं परदेशी इंजिन उचलून आणलं. ते तेव्हाच म्हातारं होतं. त्याच्यावरचं नाव पुसून गेलेलं. शंकरने ते नवसाच्या पोरासारखं वाढवलं. विठाला चालवायलाही त्यानेच शिकवलं, कारण त्याला मधे बसून विडी ओढायची असायची. तो गेला, विठा राहिली आणि इंजिनही राहिलं. दोघंही सकाळी एका हाकेत उठणारी नाहीत.

आता हे समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. चालवणाऱ्याच्या उजव्या हाताशी एक पेटी असते आणि तिला एक दांडी. दांडी पुढे ढकलली की होडी पुढे जाते, मागे ओढली की मागे. मधे उभी ठेवली तर इंजिन चालू राहतं पण पाण्यातला पंखा गप्प बसतो. दांडीचा निरोप मागच्या इंजिनाला पोचवते एक केबल. जाड काळी नळी आणि आत तार, सायकलच्या ब्रेकला असते तशी. पण ब्रेकची तार नुसती ओढते, ही ओढतेही आणि ढकलतेही. होडीला ब्रेक नसतो. थांबायचं तर दांडी मागे ओढायची, पंखा उलटा फिरतो आणि होडी जागच्या जागी अडखळते. बस, एवढंच.

यंदा नदी घरात आली तेव्हा पहाट होती आणि पाऊस असा गार की दात वाजत होते. विठाने होडी काढली. नदीकडच्या नव्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर सुनेत्राताई राहतात, बँकेत मोठ्या जागेवर आहेत. त्या खिडकीच्या कठड्यावर उभ्या, काखेत ऑफिसची बॅग. विठाने त्यांना होडीत घेतलं आणि पुढच्या बिल्डिंगच्या जिन्याशी आणखी माणसं घ्यायला निघाली. जिन्याशी थांबायला तिने दांडी मागे ओढली. दांडी आली नाही. तिने दोन्ही हातांनी ओढली. होडी पुढेच. शेवटी तिने इंजिन बंद केलं, पण तोवर होडी कंपाउंडच्या भिंतीवर जाऊन आदळली. सुनेत्राताईंचा हात होडीच्या काठावर होता. भिंत आणि काठ यांच्यामध्ये मनगट सापडलं आणि मोडलं.

विठाने बांबू मारत मारत होडी सुक्या रस्त्याला लावली. ताईंना पोरांनी दवाखान्यात नेलं.

पाणी ओसरल्यावर दोन दिवसांनी कडक ऊन पडलं. पथकाच्या शेडबाहेर होडी गाड्यावर चढवलेली होती, सगळी जमली होती. विठाने सांगितलं, दांडी अडकली. प्रज्वल म्हणाला, बघूया. त्याच्या मित्राने मागे बसून पंखा हाताने फिरवत ठेवला, कारण इंजिन बंद असताना पंखा हलवल्याशिवाय गिअर पडत नाही. प्रज्वलने एका बोटाने दांडी ओढली. आली. ढकलली. गेली. परत ओढली, परत आली. आणि दुसऱ्या हाताने तो मोबाइलवर व्हिडिओ काढत होता.

"विठाआजी, लिव्हर तर एकदम मख्खन आहे," तो म्हणाला. "टेन्शन नको घेऊस. होतं असं, वय झालं की हात घाबरतो."

विठाने दांडीवर आपला हात ठेवला. मग म्हणाली, "दांडी अडकली. माझा हात नाय अडकला."

तो व्हिडिओ दुपारपर्यंत बिल्डिंगच्या सगळ्या ग्रुपवर गेला. खाली कोणी लिहिलं की बायकांच्या हातात मशीन देऊच नये, कोणी हसणारी तोंडं टाकली. प्रज्वलने जाहीर केलं की यापुढे पुरात होडी तो चालवणार, विठाआजीने काठावर माणसं मोजायची, आणि जानेवारीत पथकाची सभा होईल तेव्हा हे पक्कं करून टाकू. मॅटर क्लोज.

माझा संताप असा झाला की काय सांगू. या पोराला विठाने खांद्यावर बसवून नदी दाखवलेली. होडी तिची, इंजिन तिचं, आणि तिनेच काठावर बसायचं? मी त्याला म्हटलं, तू अजून पाण्यात तोंड धुवायला भितोस, गिझर लागतो तुला. तो म्हणाला, आजी, इमोशनल होऊ नको, सेफ्टीचा विषय आहे. सेफ्टी म्हणे. बोलण्याचं एकेक हत्यार आणतात बाहेरून.

विठा मात्र रडली नाही की कोणाच्या दारात गाऱ्हाणं घेऊन गेली नाही. तिने काम काढलं. गणपती गेल्यावर ऊन स्थिरावलं तेव्हा तिने होडी आमच्या अंगणात आणली आणि चोर शोधायला बसली.

शंकरची एक रीत होती. काही अडलं की तो जोडी तोडायचा. दांडीची पेटी, केबल, इंजिन ही तिघं एकमेकांचा हात धरून असतात, त्यामुळे एक अडला की तिघंही अडल्यासारखी वाटतात. तिघांना वेगळं करायचं आणि एकेकाला विचारायचं. विठाने तेच केलं. आधी इंजिनाकडची पिन काढून केबल मोकळी केली. मग इंजिनाचा छोटा हात स्वतः हलवून बघितला, मी मागे बसून पंखा फिरवत होते. खट् करून गिअर पडला, खट् करून सुटला. इंजिन निर्दोष. मग पेटीकडून केबल सोडवली आणि नुसती दांडी हलवली. तीही सुतासारखी सरळ. मग उरली केबल. ती अंगणात उन्हात सापासारखी लांब पसरली. विठाने एका टोकाची तार ढकलली, दुसऱ्या टोकाची बाहेर आली. ओढली, आत गेली.

तिघंही निर्दोष. मग गुन्हेगार उरली ती विठाच.

त्या दिवशी तिने तिघांना परत जोडलं आणि जोडताना एकेक पिन अशी ठोकली की जणू प्रज्वलच्या टाळक्यात. मी म्हटलं, विठा, जरा हळू. तिने पुढची पिन आणखी जोरात ठोकली.

प्रज्वलने एक मेकॅनिकही आणला होता मधे, मोठ्या मनाने. तो इंजिनाकडे न बघताच म्हणाला, आतला गिअर गेलाय, पूर्ण खोलायला लागेल. विठाने त्याला चहा दिला आणि फाटक दाखवलं.

दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला विळा, कोयता, नांगराचा फाळ, पोरांच्या मोटरसायकली, सगळ्यांची पूजा होते, तशी इंजिनाचीही. शंकर असताना तो झाकणावर हळदकुंकवाचं एक बोट ओढायचा, झेंडू वाहायचा आणि संपलं. शंकर गेल्यावर विठाला ते पुरेसं वाटेना. तिचं म्हणणं, झाकण म्हणजे बाहेरचा सदरा, सदऱ्याला टिळा लावून काय उपयोग. म्हणून ती पेटी उघडून आत, जिथे केबल पेटीत शिरते तिथे, केबलच्या तोंडाला हळदकुंकू लावायची. खोबरेल तेलात कालवून, बोटाने आत सारून, देवाच्या ओठाला नैवेद्य लावतात तसं. यंत्राला तेल लागतंच की, म्हणायची. यंदा तर तिने वाटीभर कालवलं. गाव आपल्या बाजूने नाही, निदान इंजिन तरी असू दे, असा तिचा हिशेब असणार. बोट भरून भरून तिने केबलला चारलं. वर हातही जोडले.

मग थंडी पडली. मार्गशीर्षात आमच्याकडे नदीवरून असा गारठा येतो की सकाळी अंगणात पाय टाकवत नाही. विठा वाल खुडायला तांबडं फुटताना होडी घेऊन पलीकडे गेली. पलीकडच्या काठाशी तिने दांडी मागे ओढली आणि दांडी आली नाही. होडी सरळ लव्हाळ्यात घुसली, विठा चिखलात बसली.

आणि ती बाई आनंदाने वेडी झाली. बांबूने होडी अलीकडच्या काठाला आणली आणि चिखलाने माखलेली, नातू झाल्यासारखी धावत घरी आली आणि दारातून सांगायला लागली, अडकली, बाय, अडकली. मला ती लग्न झाल्यापासून बाय म्हणते. मी प्रज्वलला हाका मारल्या. तो उठला. मग त्याची आंघोळ, मग चहा, मग मोबाइल, मग टीशर्ट कोणता घालायचा. आम्ही नदीवर पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं आणि होडीच्या पेटीला हात लावला तर चटका बसत होता. प्रज्वलने पंखा फिरवला, विठाने दांडी ओढली.

आली. लोण्यातून सुरी आल्यासारखी आली.

प्रज्वलने खिशातून मोबाइल काढला. मग म्हणाला, "या वेळी व्हिडिओ तू काढतेस का, विठाआजी?"

विठाने त्याला जागेवरून उठवलं आणि एकटी होडी घेऊन परत गेली. मी त्या दिवशी त्याला जेवायला वाढलं नाही. त्याने मोबाइलवरून बिर्याणी मागवली आणि माझ्यासमोर बसून खाल्ली. हल्लीच्या पोरांवर राग काढायची काही सोयच राहिलेली नाही.

त्यानंतर विठाने काम काढणंही सोडलं. मला खरं सांगायचं तर भीती वाटायला लागली होती की आता हिलाच आपल्या हाताचा भरवसा राहिला नाही. ती भाजी चिरताना मधेच थांबून स्वतःच्या पंजाकडे बघायची. मूठ मिटायची, उघडायची. ते बघून मला परत प्रज्वलचा राग यायचा.

एका सकाळी ती डोक्यावरून न्हाऊन माझ्या पायरीवर बसली होती, केस मोकळे. मी तेल लावून देणार होते. पण खोबरेलाची बाटली गोठून दगड झालेली, म्हणून मी ती उन्हात पायरीवर ठेवली आणि आत भाकऱ्या थापायला गेले. बाहेर आले तर विठा बाटलीकडे टक लावून बघत होती. पांढरं तेल कडेकडेने पातळ होत होतं, मधे अजून गोळा तरंगत होता.

ती म्हणाली, "बाय, ही बाटली दुपारी कोणी बघितली, तर सकाळी गोठली होती यावर इस्वास ठेवील का?"

मी म्हटलं, कोण ठेवणार, आणि तुला काय करायचंय त्याचं? ती उठली. केस तसेच पाठीवर सोडून नदीकडे गेली. साठीची बाई, मोकळ्या केसांनी सगळ्या गावातून. लोक बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी गारठ्यात तिने मला उठवून नदीवर नेलं. माझे गुडघे ती वाट चढतात उतरतात तेव्हा मला शिव्या देतात, मी विठाला दिल्या. तिने आदल्या दिवशीच केबल दोन्हीकडून सोडवून रात्रभर उघड्या वाळूवर ठेवली होती. मला म्हणाली, ढकल. मी एका टोकाची तार ढकलली. हलेना. विठाने ढकलली. हलेना. दोघींनी मिळून दाबली तर तार वाकायला लागली पण दुसऱ्या टोकाला ढिम्म काही नाही. मग तिने ती उन्हात पसरली आणि आम्ही दोघी तिच्यापाशी बसून राहिलो, पापड वाळत घालून कावळे राखायला बसतो तशा. ऊन वर आलं. तिने ढकलली. सरकली.

केबल उन्हात शहाणी आणि गारठ्यात खुळी. पुराच्या पहाटेही गारठाच होता. होडीत ती निम्मी झाकलेली असते, म्हणून अंगाचा भार देऊन पुढे तेवढी जायची, मागे ओढायला तो भार मिळत नव्हता. माझ्या टाळ्या वाजवायच्याच बाकी राहिल्या होत्या. म्हटलं, चल, आत्ता या प्रज्वलला झोपेतून ओढून आणते. विठा हसली नाही. ती केबलचं तोंड बोटाने चाचपत होती आणि बोट नाकाशी नेत होती.

उल्हासनगरला धर्मराज म्हणून एकाचं केबलचं दुकान आहे, रिक्षांच्या, टेम्पोच्या, सगळ्या केबली करून देतो. शंकर त्याच्याकडेच जायचा. आम्ही दोघी गेलो. विठाने त्याला सांगितलं, ही कापून दाखव. तो म्हणाला, "मावशी, कापली की गेली, फिर वापस नहीं जुडेगा." ती म्हणाली, काप. त्याने पात्याने नळी उभी चिरली. आत तार दिसायला हवी होती. तार दिसलीच नाही. नळीभर लालपिवळा लगदा, घट्ट बसलेला, शिऱ्यासारखा. दुकानात दसऱ्याचा वास सुटला.

धर्मराजने पात्याच्या टोकावर थोडा घेऊन वास घेतला. "मावशी, हे काय घातलं? यात मशीनचं पातळ तेलही जपून घालतात. ये तो पूजा का सामान है. कुणी भरलं?"

विठाने चिरलेली केबल गुंडाळून पिशवीत टाकली. तिने त्या लांबीची दुसरी केबल शोधून द्यायला सांगितली. आखूड नको, आखूड घेतली की वळणावर आवळते आणि परत तेच दुखणं. ती मिळाली. येताना रिक्षात ती बाहेर बघत होती. घरी येऊन तिने स्वतःचा हंडा घासला, मग माझा घासला, मग माझ्या सुनेचा कुकर घेतला, तेव्हा मी तिचा हात धरला.

मी तिला म्हटलं, हे बघ. केबल जुनी होती, खराब झाली, गारठ्यात अडकत होती, एवढं खरं आहे की नाही? तेवढंच सांग. सभेत कापलेली केबल कशाला न्यायची? कोण विचारणार आहे आत काय होतं? पोरांना तोंडावर पाडायची एकदा संधी आली आहे, ती कुंकवात कशाला घालवतेस. तिने माझ्याकडे बघितलं आणि बरं म्हणून मान हलवली. ही माझी शिकवण, आणि मला त्याची लाज नाही. प्रज्वलचं तोंड उतरलेलं बघायला मी याहून वाईटही शिकवलं असतं.

नवी केबल तिनेच बसवली. दांडी बरोबर मधे उभी असताना इंजिनाचा हातही बरोबर मधे हवा, नाहीतर पुढचा गिअर लागतो आणि मागचा अर्धवट राहतो. ती टोकाचा नट अर्धा आटा फिरवायची, पिन घालायची, मला पंखा फिरवायला लावायची, पिन काढायची, परत अर्धा आटा. पहाटे बघितलं, दुपारी बघितलं. सारखीच चालली.

सभा नदीकाठी पथकाच्या शेडमध्ये भरली. पोरं, बिल्डिंगवाले, गावातली माणसं. सुनेत्राताईही आल्या होत्या. प्लास्टर कधीच निघालं होतं, पण मनगट अजून पुरतं वळत नव्हतं. चहाचा कप त्या डाव्या हाताने धरत होत्या.

विठाने उभं राहून सांगितलं की जुनी केबल गारठ्यात अडकत होती, उन्हात सुटत होती, म्हणून प्रज्वलच्या हाताला कधी सापडली नाही. मी साक्ष दिली, वाळूवर दोघींनी कशी ढकलली ते सांगितलं. थोडं वाढवूनही सांगितलं. लोकांत कुजबुज झाली. शेडमधली थंडी तर सगळ्यांच्या अंगावर होतीच, त्यामुळे पटलं पटकन. प्रज्वलने मान खाजवली. म्हणाला, ठीक आहे, म्हणजे मशीन फॉल्ट होता, विठाआजीची चूक नाही, तो व्हिडिओ मी डिलीट करतो. एवढं बोलायला त्याला जो त्रास झाला तो पाहून माझं अर्धं वर्ष वसूल झालं. होडी विठाआजीच चालवेल, हात वर करा, असं तो म्हणणार, तेवढ्यात सुनेत्राताई बोलल्या.

"केबल आपोआप अशी होते का?" त्यांनी विचारलं. "मला कळत नाही यातलं म्हणून विचारते. परत होऊ नये म्हणून काय करायचं?"

त्यात टोमणा नव्हता. बँकेतलं माणूस विचारतं तसं सरळ विचारलं. प्रज्वल म्हणाला, जुनं झालं की होतं. मीही मान डोलावली, होतं होतं. आणि विठा उभीच होती. मी तिचा पदर ओढला, बस म्हणून. ती बसेना.

"आपोआप नाय," ती म्हणाली. "मी केली."

आणि तिने सगळं सांगितलं. दसरा, खोबरेल, हळदकुंकू, दर वर्षी, बोटाने आत. शंकर गेल्यापासून. सांगताना तिचा आवाज कापत नव्हता, चढत होता, जणू समोर दुसरीच कोणी विठा उभी आहे आणि ही तिला झाडते आहे. मी मनात म्हटलं, मेली, घालवलंस.

 मग मागून एकजण म्हणाला की मग आता काय, शेवटी चूक त्यांचीच निघाली, तर होडी प्रज्वलकडेच दिलेली बरी. दोनचार माना हलल्या. प्रज्वलने मान हलवली नाही एवढं सांगते, पण तो काही बोललाही नाही. ते तोंड मी खाऊ घालून वाढवलंय, आणि नको तेव्हाच ते बंद असतं.

विठा म्हणाली, "चूक माझी. मी कुठे नाय म्हणते? पण तुम्ही बोललात की हात घाबरला. हात घाबरला नव्हता. ते परत घ्या, मग होडी घ्या."

सुनेत्राताई उठल्या. रागाने त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि तो राग मला नवाच होता, कारण आमच्यासमोर त्या कायम हळू बोलतात.

"विठाबाई, तुम्ही हे शोधून काढायला इतके महिने घालवलेत," त्या म्हणाल्या. "उल्हासनगरला गेलात, पहाटे नदीवर बसलात. माझ्या दारावरून रोज शेतात जाता तुम्ही. एकदा तरी आत आलात? हात कसा आहे, एवढं विचारायला? मला केस धुता येत नव्हते स्वतःचे."

विठा खाली बसली, मी न ओढता.   

"यायचं होतं," ती म्हणाली. "आधी माझा दोष नाय हे हातात घेऊन यायचं होतं. रिकाम्या हाताने कसं येऊ?"

"रिकाम्या हातानेच यायचं असतं," ताई म्हणाल्या. मग त्यांनी डाव्या हाताने साडीचा पदर खोचला आणि म्हणाल्या, "चला. होडी काढा. मी बसते. परत भिंतीवर नेलीत तर माझा दुसरा हात आहे अजून."

सगळे घाटावर आले. प्रज्वल म्हणाला, मॅडम, रिस्क नको, मी घेतो लिव्हर. ताईंनी त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. विठाने त्यांना हाताला धरून बसवलं, आणि तो चांगला हात काठावरून उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला, आपल्या हाताने. मग ती दांडीपाशी गेली.

होडी मधे गेली, वळली आणि सरळ घाटाच्या दगडी भिंतीवर आली. वेग तिने कमी केला नव्हता. माझ्या शेजारच्या माणसाने डोळे मिटले. मी मिटले नाहीत, रागाने मिटत नव्हते. विठाने दांडी ओढली, पंख्याखाली पाणी उलटं उसळलं आणि होडी भिंतीपासून हातभर लांब थांबली. थोडी मागेही सरकली.

लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. ताई मात्र उठल्या नाहीत.

"परत," त्या म्हणाल्या.

विठा परत मधे गेली, परत भिंतीवर आली, परत थांबवली. ताई म्हणाल्या, परत. काठावरची माणसं थोडा वेळ बघत राहिली, मग कंटाळून निघायला लागली, सभा कुठे राहिली ते कोणाच्याच ध्यानात नव्हतं. हात वर करायचं राहूनच गेलं. त्या दोघी येत होत्या आणि जात होत्या. मधेच काहीतरी बोलत होत्या, इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नव्हतं, पण विठाची मान खाली होती आणि ताईंचं बोट वर होतं, म्हणजे झाडत होत्या. झाडू देत. त्यांचा हक्कच होता तो.

प्रज्वल माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, आजी, यांना थांबव, पेट्रोल संपेल अशाने.

मी म्हटलं, मग उभा काय राहिलास इथे, कॅन घे आणि भरून आण.